राखाडी हॅट, चार डाग आणि नऊ दिवस

हॅट माझ्या टेबलावर आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली. सोबत चिठ्ठी: 'डाग काढून हवेत. पुढचा प्रयोग नऊ दिवसांनी.' नाटकाचा कपडेपट सांभाळणाऱ्याला असल्या चिठ्ठ्या नव्या नसतात. शर्टावरचा किंवा कोटावरचा डाग असला की निम्मं काम हाताला पाठ असतं. फेल्टच्या, म्हणजे केस एकमेकांत घट्ट अडकवून केलेल्या, हॅटचं तसं नाही. ती भिजत घालता येत नाही, घासता येत नाही, पिळण्याचा तर प्रश्नच नाही. बिघडली तर उसवून, आत घेऊन निभावतही नाही. म्हणून या एका हॅटचं काय काय झालं ते सगळं लिहून ठेवते आहे, माझं चुकलं तेही.

हॅट हलक्या राखाडी रंगाची, रुंद कडेची, सशाच्या केसांच्या फेल्टची. चार वर्षांपूर्वी नाटक उभं राहिलं तेव्हा नवीच घेतलेली. हे 'नवी घेतलेली' पुढे महत्त्वाचं ठरणार आहे. तोवर ६१ प्रयोग झाले होते. डोक्यावरचा उंच भाग म्हणजे माथा आणि भोवताली पसरलेली ती कड, असे शब्द मी वापरते. माथ्याला पुढून दोन्ही बाजूंनी खळगे दाबलेले असतात, त्याला आमच्याकडे चिमटा म्हणतात, कारण अंगठा आणि बोट नेमकं तिथेच जातं. माथा आणि कड जिथे भेटतात तिथे गडद तांबडी रिबन, आत चामड्याची घामपट्टी. अस्तर नव्हतं, ते बरंच झालं.

डाग चार होते. चिमट्यावर दोन्हीकडे दोन लंबगोल, तेलकट काळपट ठसे. रिबनच्या वर, पुढच्या बाजूला, लाटेसारखी वरखाली जाणारी काळसर रेघ आणि तिच्या वरच्या काठाला पांढुरकी किनार. कडेच्या डाव्या बाजूला तळहाताएवढं पाण्याचं वर्तुळ, आत जवळपास स्वच्छ आणि काठाला तपकिरी. आणि उजवीकडे, कानशिलाच्या वर, रुपयाएवढा पांढरट, कडक चट्टा. बोट फिरवलं तर बाकीची हॅट मऊ लवेची आणि तो चट्टा वाळलेल्या खळीसारखा.

पहिल्या दिवशी सुरुवातीला मी हॅटला काहीही लावलं नाही. दिवा टेबलाच्या पातळीवर आणून बाजूने उजेड टाकला, फोटो काढले आणि विचारपूस केली. डाग कशाचा आहे हे हॅट पाऊणएक सांगते, उरलेलं माणसं सांगतात.

चिमट्यावरच्या ठशांचा उलगडा लगेच झाला. ही हॅट घालणारे ज्येष्ठ नट प्रत्येक प्रयोगात पाच वेळा हॅट उचलतात आणि प्रत्येक वेळी चिमट्यालाच धरून. म्हणजे आजवर तीनशेच्या वर. बोटांना रंगभूषा लागलेली असतेच, कारण विंगेत उभं राहून कपाळ टिपायची त्यांना सवय आहे. पाण्याचं वर्तुळ कुणीतरी हॅटशेजारी ठेवलेल्या बाटलीमुळे आलं होतं. कुणी ठेवली ते अर्थातच कुणालाच आठवत नव्हतं. पांढऱ्या चट्ट्याचं मात्र मदतनीस पोराने स्वतःहून कबूल केलं.

'खोट्या कल्ल्यांचा डिंक लागला होता ताई. मी जरासं स्पिरिट लावून पुसला.'

'निघाला?'

'डिंक निघाला की. पण मग हे पांढरं आलं.'

पोराचं चुकलं असं म्हणवत नाही. रंगभूषेतला स्पिरिट गम म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळच, त्यामुळे तो काढायला स्पिरिट हे कुणालाही सुचेल. चेहऱ्यावर तेच लावतात. अडचण डिंकाची नव्हती, हॅटची होती. फेल्टला ताठपणा यावा म्हणून त्यात कडक करणारं द्रव्य मुरवलेलं असतं, आणि केसांच्या फेल्टमध्ये ते पुष्कळदा लाख असतं. तीच चपडी लाख, जी सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात. स्पिरिट लावलं, आतली लाख सुटली, ओढीने पृष्ठभागावर आली आणि स्पिरिट उडून गेल्यावर तिथेच बसली. लव तिच्यात चिकटली. म्हणजे चौथा डाग हा डाग नव्हताच. हॅटचीच लाख जागा सोडून वर आली होती. सॅनिटायझर, अत्तर, आफ्टरशेव्ह यांनीही हेच होतं.

अंदाजावर विसंबायचं नव्हतं, म्हणून तपासून पाहिलं. घामपट्टी बाहेर उलटवली की तिच्या खाली फेल्टचा एक लपलेला पट्टा मिळतो. हॅटवर काहीही करून बघायचं ते तिथे. कानकाडीच्या टोकाएवढं स्पिरिट लावलं. मिनिटभरात जागा चिकट झाली, वाळल्यावर पांढुरकी. लाखच होती. तिथेच शेजारी लायटरमध्ये भरतात ते पेट्रोलियम द्रावण टेकवलं. ते उडून गेलं आणि मागे काहीच राहिलं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, असल्या पेट्रोलियम द्रावणात विरघळत नाही, आणि चरबी मात्र त्यात सुटते. सगळी पुढची आखणी या दोन थेंबांवर उभी राहिली.

त्याच दिवशी रिबनवर ओला पांढरा कापूस दाबून धरला. कापूस गुलाबी झाला. म्हणजे रिबन अंगावर ठेवून हॅटला पाणी लावलं असतं तर पाचवा डाग माझ्या नावावर जमा झाला असता. रिबन चार-पाच टाक्यांवरच असते. टाके कापून ती बाजूला काढली. खाली जपून राहिलेला राखाडी रंग दिसला, आणि बाकीची हॅट किती मळली आहे ते तेव्हा कळलं.

आता फेल्टविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढचा क्रम विक्षिप्त वाटेल. फेल्ट विणलेलं नसतं, त्यात उभा-आडवा धागाच नाही. प्राण्याच्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. ओलावा, उष्णता, दाब आणि हालचाल मिळाली की केस एकाच दिशेने सरकतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. असे असंख्य केस एकमेकांत अडकले की फेल्ट तयार होतं. हे अडकणं कारखान्यात संपत नाही. घरी ओल्या फडक्याने चोळलं की ते पुन्हा सुरू होतं, आणि डागाच्या जागी गोळा येतो. वॉशिंग मशीनमध्ये गेलेली हॅट बाहुलीच्या मापाची होऊन बाहेर येते ती यामुळेच.

शिवाय कापडावरचा डाग आपण पृष्ठभागावर धरतो. फेल्टमध्ये तो जाडीत उतरलेला असतो. वरून पुसलं की तो बाजूला किंवा खाली जातो. फेल्टमधला डाग वर ओढून घ्यावा लागतो, आणि ज्याने ओढायचा ती वस्तू हॅटपेक्षा जास्त शोषणारी असावी लागते. टिपकागद, भुकटी, कोरडा स्पंज ही हत्यारं त्यासाठी.

आणखी एक गाठ सोडवायची होती. घामाच्या रेघेत दोन गोष्टी असतात, पाण्यात विरघळणारे क्षार आणि न विरघळणारी त्वचेची चरबी. ती पांढुरकी किनार क्षारांची, काळपटपणा चरबीत रुतलेल्या धुळीचा. आधी पाणी लावलं तर चरबी ते अडवते, पाणी वाट काढत भलतीकडे पसरतं आणि नवी रेघ उमटते. म्हणून कोरडं आधी, मग चरबीवरचं द्रावण, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी वाफ. वाफ आधी दिली असती तर चरबी पातळ होऊन आणखी आत गेली असती. ज्यांच्या हातात पहिल्यांदा किटली येते त्यांच्याकडून हीच चूक होते, कारण वाफेने हॅट तात्पुरती छान दिसते.

घासायला घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश घेतला, फिकट हॅटसाठी वेगळा ठेवलेला. काळ्या हॅटवर फिरलेला ब्रश फिकट हॅटवर फिरवणं म्हणजे मळ उसना देणं. वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने, माथ्याभोवती आणि मग कडेवरून, कारण लव बहुतेक हॅटमध्ये तशीच बसवलेली असते. पंधरा मिनिटांत हॅट एक छटा उजळली. पाण्याच्या वर्तुळाचा तपकिरी काठही थोडा फिका झाला, म्हणजे त्यातली काही धूळ नुसती वर बसलेली होती. मग धूर-काजळी टिपायला वापरतात तो रबरी स्पंज, कोरडाच. चिमट्यावर तो घासायचा नाही, दाबायचा आणि उचलायचा. रंगभूषेतला रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाचे ऑक्साइड. हे कुठल्याही घरगुती द्रावणात विरघळत नाहीत, ते उचलूनच काढावे लागतात. द्रावण आधी लावलं असतं तर तेल सुटलं असतं आणि रंगाचे कण मोकळे होऊन आत गेले असते. स्पंजाचे तीन कोपरे गव्हाळ झाले तेव्हा माझा जीव जरा खाली आला.

दुसरा आणि तिसरा दिवस भुकटीचे. चिमट्यावर आणि घामाच्या रेघेवर कॉर्नस्टार्चचा जाड थर, वर कागद, रात्रभर. सकाळी ब्रशने झाडायचं, पुन्हा थर. तेल ओढायला मुलतानी माती स्टार्चपेक्षा सरस, हे मला माहीत आहे, आणि गडद हॅटला मी तीच लावते. पण तिला स्वतःचा पिवळट रंग आहे आणि फिकट राखाडीच्या लवेत तो राहतो. लपलेल्या पट्ट्यावर लावून बघितली, झाडल्यावरही उन्हात धूळ बसल्यासारखी छटा राहिली. डबा बंद करून ठेवला. पुढे तो उघडावा लागला, ते शेवटी येईलच.

तीन थरांनंतर स्टार्च पांढरा तो पांढराच निघू लागला, आणि ठसे निम्म्याने उतरले होते. भुकटी पातळ तेल ओढते. महिनोन्‌महिने हवेत राहून घट्ट, पिवळट झालेली चरबी तिला दाद देत नाही.

याच दोन दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडला. खाण्याच्या सोड्याची पेस्ट लाव. थोडं डिटर्जंट लाव. फिकटच तर आहे, ब्लीचचा एक थेंब. सोडा आम्लारी असतो. तो केसालाही सोसत नाही आणि लाखही सैल करतो. एन्झाइमवाल्या डिटर्जंटमध्ये प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात, आणि सशाचा केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच. क्लोरीनच्या ब्लीचबद्दल तर बोलायलाच नको, तीव्र असेल तर लोकर आणि केस त्यात चक्क विरघळतात. डागाला जे मारतं ते हॅटला मारणार नाही याची खात्री हवी, ती या तिन्हींबद्दल नव्हती.

चौथ्या दिवशी द्रावण. खिडक्या उघड्या, पंखा बंद, आसपास ठिणगी नाही, किटलीचं बटणसुद्धा नाही. हे द्रावण झटकन पेट घेतं आणि त्याची वाफ जमिनीलगत दूरवर जाते. हातमोजे घातले. चिमट्याच्या आत पांढरा टिपकागद धरला, बाहेरून कापूस ओला करून, पिळून, टेकवला. बाहेरून आत, नेहमी बाहेरून आत. मधोमध थेंब टाकला की द्रावण सगळीकडे पसरतं, सोबत मळ नेतं, आणि जिथे वाळतं तिथे मळाची रेघ सोडून जातं. कडेवरचं पाण्याचं वर्तुळ असंच जन्मलं होतं: पाणी काठाशी आधी उडतं, आतलं पाणी ती जागा भरायला काठाकडे सरकतं आणि विरघळलेलं सगळं तिथे आणून टाकतं. म्हणून ठशाच्या बाहेर बोटभर कोरड्या फेल्टपासून सुरुवात करून आत येत गेले, कापूस दर दोन टेकवण्यांनी बदलत. ओलसर असतानाच वर पुन्हा स्टार्च, म्हणजे उडणारं द्रावण शेवटचा मळ काठावर न नेता भुकटीत सोडतं. टिपकागदावर चहाच्या रंगाचे दोन डोळे उमटले. घामाच्या रेघेलाही हेच. संध्याकाळपर्यंत हॅट उघड्यावर ठेवली. वास पूर्ण जाईपर्यंत पुढचं काही नाही, कारण पुढे पाणी आणि किटली होती.

पाण्याला पाणीच उतारा, हे ऐकायला विचित्र वाटतं. वर्तुळ पुसता येत नव्हतं, कारण ते म्हणजे पाणी जिथे थांबलं ती जागा. तर मग पाणी अशा ठिकाणी थांबवायचं जिथे तशीही रेघ आहे. कडेला दोन नैसर्गिक रेघा असतात, बाहेरचा काठ आणि माथ्याशी मिळणारी घडी. ती घडी नंतर रिबनखाली जाते. पाचव्या दिवशी डिस्टिल्ड पाण्याचा अगदी बारीक फवारा सबंध कडेवर, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, वरून आणि खालून मारला. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आपली खूण सोडतात. फेल्ट मंद दिसू लागलं की थांबायचं. थेंब दिसला तर जास्त झालं. मग वर-खाली टिपकागद, त्यावर सपाट फळी, हलकं वजन. दोन तासांनी कागद बदलले, आणि मग रात्रभर सावलीत. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही.

सकाळी टिपकागदावर तपकिरी चंद्रकोर आली होती आणि हॅटवरची रेघ अर्धी उरली होती. सहाव्या दिवशी दुसरा फवारा, तेच सगळं. या वेळी रिबनच्या वरच्या पट्ट्यालाही मारला, पांढऱ्या क्षारांसाठी. मात्र तिथे एक खबरदारी घ्यावी लागली: माथ्यात टॉवेल ठासून भरला. ओलं फेल्ट वाळताना आकसतं, आणि आकसलेली हॅट ज्येष्ठ नटाच्या डोक्यावर ऐन प्रवेशात टोपलीसारखी टेकली तर ती बातमी माझ्यापर्यंत येणारच. सातव्या दिवशी सकाळी वर्तुळ फक्त मला दिसत होतं, कारण ते कुठे होतं ते मला माहीत होतं.

आता चौथा चट्टा. लाख साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि वाफ त्याहून कितीतरी गरम. हॅटला वाफेवर आकार देता येतो तो आतली लाख मऊ पडते म्हणूनच. मग वर आलेली लाखही त्याच वाफेने मऊ पडावी. किटलीत डिस्टिल्ड पाणी भरलं, चट्टा वीतभर अंतरावर धरला, दहा-बारा सेकंद वाफ, लगेच ब्रशने लव उचलली. पुन्हा वाफ, पुन्हा ब्रश. चौथ्या फेरीला चिकटलेले केस सुटे होऊ लागले.

पाचव्या फेरीला किटली शिंकली. मी ती गळ्यापर्यंत भरली होती, पाणी चोचीतून उडालं आणि स्वच्छ झालेल्या माथ्यावर दोन टपोरे थेंब पडले. हात पुसायला धावला होता, तो आवरला. टिपकागद दाबला, मग त्या बाजूचा सगळा पट्टा, चिमट्यापासून मागच्या घडीपर्यंत, फवाऱ्याने एकसारखा ओला केला आणि अर्धवट वाळल्यावर ब्रश फिरवला. डाग राहिला नाही. पाणी डिस्टिल्ड होतं म्हणून, आणि त्याहून जास्त म्हणजे फेल्टमध्ये काठावर वाहून न्यायला आता मळच उरला नव्हता म्हणून. किटली अर्धीच भरायची, हे तेव्हापासून तिच्या झाकणावर लिहून ठेवलं आहे.

चट्ट्यावर मऊपणा आला तरी थोडी चमक राहिली. ती काढायला ६०० नंबरचा सँडपेपर. सँडपेपर हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, रंग आरपार आहे का. कडेचा कापलेला काठ भिंगाखाली पाहिला. मध्यापर्यंत एकच राखाडी. काही हॅटमध्ये आतला भाग फिका असतो, तिथे घासलं की डागाच्या जागी टक्कल दिसतं. दुसरी गोष्ट वयाची. जुन्या काळी सशाचे केस लवकर अडकावेत म्हणून त्यांना पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया देत. कारागिरांचे हात कायमचे थरथरू लागत. अमेरिकेत डॅनबरी हे हॅटचं मोठं केंद्र, तिथे या दुखण्याला 'डॅनबरी शेक्स' असंच नाव होतं. तिथल्या हॅट उद्योगात पाऱ्याचा वापर १ डिसेंबर १९४१ पासून बंद केला गेला. त्याआधीच्या हॅटमध्ये पारा अजून असू शकतो. कुणाच्या आजोबांची हॅट ट्रंकेतून निघाली असेल तर ती घासू नये, वाफ तर मुळीच देऊ नये, आणि रोज डोक्यावर घालण्याचा मोहही आवरावा. आमची हॅट चार वर्षांची, म्हणून मी मास्क लावून, हलक्या हाताने, गोल गोल, मोजून वीस वेळा सँडपेपर फिरवला. वर पुन्हा वाफेचा एक झोत आणि ब्रश. जागा बाकीच्या लवेत मिसळली. फेल्ट तिथे कणभर पातळ झालं आहे. हे वारंवार करता येणार नाही, आणि तो ताठपणाही परत आलेला नाही; दाबून पाहिलं तर ती जागा शेजारच्यापेक्षा नरम लागते.

चिमट्यावरचे ठसे पूर्ण गेले नाहीत. बाजूच्या उजेडात अजून दोन सावल्या दिसतात. आणखी एकदा द्रावण लावावं का यावर आठव्या दिवशी बराच वेळ घालवला. पण तिथलं फेल्ट तीनशे वेळा दाबलं गेलेलं, लव झिजलेली. उरलेला काळपटपणा काही मळाचा आणि काही नुसता झिजेचा होता. लव नसलेली जागा उजेड वेगळा परतवते, ती कितीही स्वच्छ केली तरी गडदच दिसते. थांबले. घामपट्टी ओलसर फडक्याने पुसून, बाहेर उलटवून वाळवली, रिबन परत टाचली आणि पट्टीच्या आत टिपकागदाची बारीक पट्टी सरकवली. ती दर पाच प्रयोगांनी बदलायची. हॅट आता माथ्यावर उलटी ठेवली जाते, कडेवर नाही, आणि प्लॅस्टिकची पिशवी हद्दपार.

नटांशी बोलणं उरलं होतं.

'काका, हॅट चिमट्याला धरू नका. दोन्ही हातांनी कडेने उचला.'

'अगं, तो माणूस कडेने उचलणारा नाही. त्याला एक हात खिशात ठेवायचाय.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडजोड अशी झाली की विंगेतून आत जाण्यापूर्वी ते बोटं कोरड्या नॅपकिनला पुसतील आणि नॅपकिन मी त्यांच्या हातात देईन. तेव्हापासून देते आहे.

नवव्या दिवशी प्रयोगाआधी रंगीत तालमीच्या उजेडात दिग्दर्शक हॅट हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. मला वाटलं चिमट्यावरच्या सावल्या दिसल्या.

'छान झालीय,' ते म्हणाले. 'जरा जास्तच. हा माणूस कर्जात बुडालाय, तीन महिने प्रवास करतोय. ही हॅट काल घेतलेली वाटते.'

मुलतानी मातीचा डबा काढला. चिमूटभर माती मऊ ब्रशवर घेतली, ब्रश झटकला आणि कडेच्या काठाला, रिबनच्या वरच्या अंगाला हलकेच फिरवला. जी पिवळट धूळ राहील म्हणून मी तिला आठवडाभर दूर ठेवलं होतं, तीच आता उजेडात प्रवासाची धूळ दिसू लागली. प्रयोग संपला की ती ब्रशने झाडायची, पुढच्या प्रयोगाला पुन्हा लावायची. मदतनीस पोरगा शेजारी उभा राहून बघत होता. 'ताई, आपण नऊ दिवस काय केलं मग?' त्याने विचारलं, आणि मी त्याच्या हातात ब्रश दिला.